दोघांत एक कॉम्प्रेसर

माझ्या बायकोच्या माहेरी मला 'हवावाले दाजी' म्हणतात. लग्नाकार्यात ओळख करून देताना कुणीतरी हमखास सांगतं, "हे नांदेडला हवा विकतात," आणि समोरचा हसतो. मी रागावत नाही, कारण त्यात खोटं काही नाही. जुन्या मोंढ्याजवळच्या दुकानात मी उभा जन्म कॉम्प्रेसर विकले आणि दुरुस्त केले. कॉम्प्रेसर म्हणजे बाहेरची हवा ओढून टाकीत दाबून भरणारं यंत्र. ती दाबलेली हवा कुणी टायरात भरतो, कुणी रंगाच्या बंदुकीत सोडतो. सोयाबीनच्या दिवसांत हार्वेस्टरवाले येतात, त्यांना रेडिएटरमध्ये अडकलेलं भूस उडवायचं असतं. लातूरच्या एका दातांच्या डॉक्टरांनी स्वस्तात मिळाला म्हणून गॅरेजातला जुना कॉम्प्रेसर शेजारच्या खोलीत बसवला होता. तो सुरू झाला की पेशंट खुर्चीतून उठून चपला शोधायचे. आणि देगलूर नाक्याकडच्या एका गृहस्थांनी मला अगदी गंभीरपणे विचारलं होतं, "ह्याच्या हवेनं शेवया लवकर वाळतील का?" मी म्हणालो, "वाळतील, पण शेजारच्या गच्चीवर."

दुकानात विक्री आणि बडबड माझ्याकडे, पाने-पकडी सलीमभाईंकडे. सलीमभाई आमचे मिस्त्री. मशीनला कान लावून ते आजार सांगायचे. मला मात्र माणसाला प्रश्न विचारून विचारून आजार काढावा लागायचा.

गिऱ्हाईक आलं की आधी टाकी बघतं. जेवढी टाकी मोठी तेवढी मशीन भारी, असं त्याला वाटतं. मी त्याला सांगायचो, टाकी म्हणजे रांजण आणि पंप म्हणजे नळ. रांजण केवढाही असो, नळाला करंगळीएवढी धार असेल तर घरात पाहुणे आले की तो रिकामा होणारच. म्हणून दोन गोष्टी विचारायच्या. तुमच्या कामाला हवा किती जोरानं लागते, आणि किती वेळ सलग लागते? ह्या दोन प्रश्नांवर माझं दुकान चाललं.

पण एक गिऱ्हाईक असं असतं, की त्याला दोन वेगळ्या कामांना एकच मशीन पाहिजे असते. तिथं डोकं लावावं लागतं. मुदखेडचे माणिकराव पांचाळ तसे आले होते.

काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा होता. सकाळच्या गाडीतून उतरून ते चालत दुकानात आले. डोक्यावर पांढरी टोपी, खांद्यावर चादरीत गुंडाळलेलं काहीतरी. मागं त्यांची सून रेखा, हातात स्टीलचा डबा. रेखा त्यांना मामा म्हणायची, सासऱ्याला आमच्याकडं तसंच म्हणतात. तिचं ऐकून आम्हीही त्यांना मामाच म्हणू लागलो.

मामांनी चादर सोडली. आत सागवानी देव्हारा होता, हातभर उंचीचा. कळस, कमान, दोन्ही बाजूंना कोरलेले खांब. आणि मागच्या फळीवर कमळांचं तळं. पाण्याचा निळा रंग वरून खाली इतका हळूहळू गडद होत गेला होता, की कुठं बदलला ते दाखवता येत नव्हतं.

"हे कुणी रंगवलं?" मी विचारलं.

"लाकूड माझं, रंग हिचा," मामा म्हणाले.

रेखाचं माहेर बिलोलीचं. तिथं तिच्या घरी गणपती बनायचे आणि लहानपणापासून मूर्तीच्या गालावरची छटा तीच मारायची. तिनं डबा उघडला. आत मऊ फडक्यात एअरब्रश होता. एअरब्रश म्हणजे पेनाएवढी रंगाची बंदूक. बोटानं खटका मागं ओढला की धुक्यासारखा रंग बाहेर येतो.

"आता हिच्याकडं हाय ती मशीन खेळण्यावानी हाय," मामा सांगू लागले. "माझ्या कामाला तिचा उपेग न्हाई. मला खिळ्याची बंदूक चालवायचीय. हातोडीनं खांदा लई दुखून राहिला. भुसा उडवायला हवा पाहिजे, पॉलिशचा फवारा मारायचाय. आन् हिला हे बारीक काम. दोघांत एक मशीन द्या, मालक. दोन ठेवायला जागा न्हाई."

ऐकायला सोपं वाटतं, पण गोम अशी की ही दोन कामं एकमेकांच्या उलट आहेत. खिळ्याच्या बंदुकीला जोर लागतो, पण क्षणभर. एअरब्रशला त्याच्या पाव हिश्श्याइतकाही जोर पुष्कळ होतो, पण तो तासन्‌तास एकसारखा लागतो. शिवाय सुताराच्या हवेत थोडं तेल आलं, थोडं पाणी आलं, तर बिघडत नाही. एअरब्रशच्या हवेत तेलाचा कण आला तर रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल डाग उठतात आणि सगळं काम पुसून टाकावं लागतं. सुताराला आवाजाचं काही नसतं. बारीक काम करणाऱ्याच्या शेजारी मशीन धडधडत असेल तर हात चळतो.

रेखा तोवर एअरब्रश बोटांत फिरवत होती. आता तिनं विचारलं, "काका, हवा थरथरती का ह्याची?"

तिच्या छोट्या मशीनला टाकीच नव्हती. पंपाचा प्रत्येक ठोका थेट नळीत जायचा, आणि बारीक रेघ ओढताना ती रेघ माळेच्या मण्यांसारखी तुटक यायची. मी तिला म्हणालो, "ताई, टाकी असली की थरथर थांबते. हवा आधी टाकीत जाऊन शांत होते, मग बाहेर येते."

"मग मला टाकी पाहिजे," ती म्हणाली. तेवढंच.

मी त्यांना माझ्या मते सगळ्यात चांगली मशीन दाखवली. पट्ट्यावर चालणारी, लोखंडी, जड. कोपऱ्यात सिमेंटचा ओटा करून बोल्टनं आवळून टाकली की माणूस म्हातारा होईल पण ती होणार नाही. तेलाची मशीन होती खरी, पण चांगली गाळणी लावून तेल अडवता आलं असतं. आवाजासाठी ती खोलीबाहेर ठेवून नळी आत घेता आली असती.

मामांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. मग वाकून खाली बघितलं.

"हिला चाकं न्हाईत."

"चाकं कशाला? ही एका जागी बसवायची."

"उचलून न्यायची म्हणलं तर?"

"मामा, ही उचलायला चार माणसं लागतील. पण न्यायची कुठं आहे?"

"असू द्या. दुसरी दावा."

दुसरी मशीन मधल्या आकाराची होती. बिनतेलाची, त्यामुळे हवा स्वच्छ, आवाजही पुष्कळ कमी. मधली टाकी, दोन चाकं, धरायला दांडा. मामांनी स्वतः ती दुकानाच्या दारापर्यंत ओढत नेली आणि परत आणली. मग रेखाला म्हणाले, "तू वढून बग." तिनं ओढली. मग त्यांनी मला विचारलं, "एक बाईमाणूस आन् एक आटोवाला, दोघं मिळून आटोत चढवतील का?"

"चढवतील. पण मामा, खरं सांगू का? ही रेखाताईच्या कामाला सोन्यासारखी आहे. तुमच्या खिळ्यांनाही चालेल. पण तुम्ही पॉलिशचा मोठा फवारा सलग मारायला लागलात की हिला दम लागेल. टाकी रिकामी होईल, थांबावं लागेल, भरली की पुन्हा सुरू. तुमच्यासाठी ती पहिलीच बरी."

मामा हसले. "मलाबी दम लागतोच की. मशीनला लागला की दोघं बसू."

मी धंदेवाला माणूस. गिऱ्हाईक ऐकत नसेल तर दोनदा सांगायचं आणि गप्प बसायचं. पण मला ते खटकलं. स्वतःच्या खांद्यासाठी मशीन घ्यायला आलेला माणूस स्वतःला कमी पडेल अशी मशीन का घेतो?

सलीमभाईंनी मशीनच्या तोंडाला दोन वाटा काढून दिल्या. एक वाट सरळ, पुऱ्या जोराची, मामांसाठी. दुसऱ्या वाटेवर दाब कमी करणारी चावी आणि पाणी अडवणारी काचेची वाटी, रेखासाठी. रेखानं खोक्याच्या पुठ्ठ्यावर एक रेघ ओढली, केसाएवढी, आणि ती न तुटता पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत गेली. ती पुठ्ठ्याकडं बघत राहिली. सलीमभाई म्हणाले, "माशाल्ला, बेटी, हात बहोत साफ है." मामांनी तो पुठ्ठाही घडी न पाडता चादरीत ठेवला.

मशीन बसवायला मी स्वतः मुदखेडला गेलो. खरं तर तसं जायची गरज नसते, पण खेड्यापाड्यात विजेचा दाब कमी असतो आणि लोक पंख्याची बारीक वायर मशीनला लावतात. मोटार घरघरत राहते, फिरत नाही, आणि जळते. मग नाव मशीनचं. मामांकडंही तेच होतं. मी जाड वायर ओढली, बटणाची जागा बदलली.

घर स्टेशनपासून जवळ. पुढं पत्र्याची शेड, तिथं काम. मागं दोन खोल्या. मामांची बायको कधीच गेलेली. मुलगा सुनील, रेखाचा नवरा, काविळीनं गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. मूलबाळ नव्हतं. घरात सासरा आणि सून, दोघंच.

रेखा आत स्वयंपाकाला गेली तशी मामा माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. मी नळी जोडत होतो.

"मालक, तुम्ही त्या दिशी चाकाचं विचारलं."

"हाव."

"पोरीचं वय काय हाय सांगा. बिलोलीचे भाऊ येऊन गेले, चल म्हणले माहेरी. ही जात न्हाई. म्हणती, मामाला कोण हाय? आता मी किती दिस? माझ्यामागं ही ह्या घरात एकली काय करंल? तिला चांगलं घर बगून राहिलो मी. कुणाला बोललो न्हाई अजून." मग मशीनच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाले, "जाईल तवा ही तिच्यासंगं जावी. नव्या घरात बाईच्या हाताला तिचं काम असलं म्हंजे तिला कुणी उणं बोलत न्हाई."

"तिला माहीत आहे का हे?"

"न्हाई. म्हणलं असतं तर घेऊच दिली नसती. तुमीबी बोलू नका."

मी बोललो नाही. जेवायला बसलो तेव्हा रेखानं ज्वारीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. मामांच्या ताटात भाकरी वाढायच्या आधी तिनं ती बोटांनी कुस्करून दूध घातलं. त्यांचे दात गेले होते. दोघांनाही त्यात विशेष काही वाटत नव्हतं, रोजचंच होतं.

काम छान चाललं. रेखाचा फोन अधूनमधून यायचा. एकदा म्हणाली, "काका, लाइट गेली तरी टाकीतल्या हवेवर माझं एक कमळ पुरं होतं." मामांच्या खिळ्याच्या बंदुकीचा आवाज फोनमध्ये मागून यायचा, टक, टक. मधेच तो थांबायचा. मशीनला दम लागला असं समजून मी हसायचो.

मग पावसाळा आला आणि एक दिवस तिचा फोन आला तो रडवेला. "काका, सगळं नासलं. रंगात पाणी थुंकतंय."

मी सलीमभाईंना गाडीत घातलं आणि निघालो. शेडमध्ये एक मोठा देव्हारा उभा होता, पुरुषभर उंच. रेणापूरच्या बालाजी नावाच्या फर्निचर दुकानदारानं सांगून करून घेतलेला. दुसऱ्या दिवशी त्याच्या एका गिऱ्हाइकाची वास्तुशांत होती. मागच्या फळीवर पहाटेचं आकाश रंगवलं होतं आणि त्या आकाशावर पाण्याचे शिंतोडे पडून रंग ओघळला होता. देव्हारा न्यायला बालाजी टेम्पो घेऊन आलेलाच होता. तिशी ओलांडलेला, सावळा, कमी बोलणारा माणूस. एका बाजूला उभा राहून तो त्या ओघळांकडं बघत होता.

दोष मशीनचा नव्हता. हवा दाबली की तापते, आणि पावसाळ्यात तिच्यात ओल भरपूर. तापलेली ओली हवा काचेच्या वाटीतून तशीच पुढं निघून जाते आणि नळीत थंड झाली की तिचं पाणी होतं. ते पाणी नेमकं एअरब्रशच्या टोकाशी येतं. उन्हाळ्यात जी व्यवस्था पुरली ती पावसाळ्यात पुरेना. सलीमभाईंनी नळीचं वेटोळं करून पाण्यानं भरलेल्या बादलीत बुडवलं, म्हणजे हवा वाटेतच थंड होईल. आणि काचेची वाटी मशीनजवळून काढून रेखाच्या टेबलापाशी, अगदी शेवटी लावली. थोड्या वेळात त्या वाटीत पाणी जमू लागलं. मामा चष्मा लावून ते पाणी बघत बसले. "हवेत एवढं पानी असतंय व्हय?" असं दोनदा म्हणाले.

पण फळी घासून पुन्हा रंगवायला वेळ लागणार होता. रेखानं मान खाली घातली होती. "उद्याच्या पूजेला नाही व्हायचं," ती म्हणाली. "माझ्यामुळं तुमचं गिऱ्हाईक जाईल."

बालाजीनं खिशातून फोन काढला आणि आमच्यासमोरच गिऱ्हाइकाला लावला. "दादा, देव्हारा परवा सकाळी येईल. माझ्या गाडीचं काम निघालंय. चूक माझी हाय, पूजेला माझ्या घरचा देव्हारा आणून ठेवतो." पलीकडचा माणूस बराच वेळ तापलेला ऐकू येत होता. बालाजी नुसतं "हाव, हाव" करत राहिला. मग फोन ठेवून रेखाला म्हणाला, "घाई करू नका. वाळू द्या नीट." आणि बाह्या वर सारून फळी घासायला बसला.

रेखानं त्याच्याकडं एकदाच बघितलं. मामा मात्र त्याच्याकडं बघतच राहिले होते.

पुढच्या आठवड्यात मामा एकटेच दुकानात आले. "मालक, तुमी लातूरकडं जाता. रेणापूरला जाऊन जरा बगा. कसा हाय, घरात कोण हाय. माणूस दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घेतो, हे म्या माझ्या डोळ्यानं बगितलं. बाकी तुमी बगा."

आयुष्यात पहिल्यांदा मी कॉम्प्रेसर न विकता चौकशीला गेलो. बालाजीची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. घरी म्हातारी आई, गयाबाई. मी मशीनची माहिती सांगायच्या निमित्तानं गेलो होतो, पण गयाबाईंनी दोन वाक्यांत मला ओळखलं. "तुमी मुदखेडच्या पोरीचं बोलायला आलाव," त्या म्हणाल्या. "ह्यो तिथनं आल्यापासून निस्ता देव्हाऱ्याचं बोलून राहिला. तेवढा देवभक्त न्हाई त्यो."

रेखा नाहीच म्हणत होती. बिलोलीच्या भावांनी समजावलं, मामांनी समजावलं. शेवटी मामांनी जेवण सोडतो म्हणून धमकी दिली तेव्हा ती गप्प झाली, आणि त्या गप्प होण्याला सगळ्यांनी होकार मानलं. बालाजी मात्र मानेना. तो एकटा मुदखेडला आला, शेडच्या दारात उभा राहिला आणि तिला सरळ म्हणाला, "तुमच्या मनात नसंल तर मी परत येणार न्हाई. देव्हारे मात्र घेत जाईन." रेखा हातातला एअरब्रश पुसत होती. बराच वेळ तिनं पुसला. मग म्हणाली, "या परत." हे मला पुढं मामांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना हसू आवरत नव्हतं.

दिवाळीनंतर लग्न ठरलं. त्याआधी मामा मशीन सर्व्हिसिंगला घेऊन आले. ऑटोतून उतरवली, दांडा धरून ओढत आत आणली. रेखाही सोबत होती, तिला लग्नाचं थोडं घ्यायचं होतं. सलीमभाईंनी मशीन उघडली.

"एकदम नव्यावानी करा," मामा म्हणाले. "लांब जायचंय तिला."

रेखानं वळून विचारलं, "कुठं?"

मामा बोलून गेले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सलीमभाईंकडं बघितलं.

"तुझ्यासंगं," मामा म्हणाले.

"आणि तुमच्या कामाला?"

"मला हातोडी हाय की."

"खांदा?"

"खांदा बरा हाय आता."

रेखा माझ्याकडं वळली. "काका, म्हणून त्या दिवशी चाकं बघत होते का हे? तुम्हाला माहीत होतं?"

"मुदखेडला मशीन बसवली त्या दिवशी कळलं," मी म्हणालो.

ती स्टुलावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. लग्न ठरल्यापासून ती रडली नव्हती, हे मामांनी आधीच मला चिंतेनं सांगितलं होतं. सलीमभाई हातातला पाना ठेवून बाहेर गेले. मामा तिच्यासमोर उभे राहिले. काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. सुनेच्या डोक्यावर हात ठेवायची आमच्याकडं रीत नाही. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग सावकाश हात पुढं करून तिच्या डोक्यावर ठेवला.

"सुनीललाबी हेच पटलं असतं, बाई," ते म्हणाले.

लग्न रेणापूरला देवळाच्या आवारात झालं, मोजक्या माणसांत. कन्यादान तिच्या भावानं आणि भावजयीनं केलं. मामा मागं टेम्पोजवळ उभे होते. मशीन टेम्पोत होती आणि दोरी नीट बांधली की नाही हे मामा पुन्हा पुन्हा बघत होते. अक्षता टाकायला मी त्यांना हाताला धरून पुढं आणलं. त्यांनी अक्षता टाकल्या आणि लगेच मागं गेले.

तो हिवाळा वाईट गेला. मी मुदखेडवरून जाताना थांबायचो. शेडमध्ये दोन-तीन कोरे देव्हारे भिंतीला टेकवून ठेवलेले असायचे, बिनरंगाचे. हातोडीचे ठोके सावकाश पडायचे. रेखाचा फोन यायचा तो एकाच कामासाठी. "काका, मामा जेवतात का?" मी म्हणायचो, जेवतात. मामांना विचारलं तर ते म्हणायचे, "पोरगी सुखात हाय ना? मग झालं." बालाजी एकदा त्यांना न्यायला आला. मला सुतार पाहिजे, दुकान तुमच्यावाचून अडलंय म्हणाला. आणि ते खरंही होतं. मामांनी हात जोडले. "सुनेच्या नव्या घरी जाऊन भाकर खाऊ? लोक म्हणतील, पोरीनं जुना सासरा आंदण आणला."

उन्हाळा लागताना मी लातूरहून परतत होतो. बालाजीचा फोन आला, आईला मुदखेडला सोडाल का? मला वाटलं, कुणी नातेवाईक असतील. गयाबाई गाडीत पुढं बसल्या आणि मुदखेडला आल्यावर म्हणाल्या, "पांचाळाच्या घरी घ्या."

मामा रंधा मारत होते. गयाबाई खुर्चीवर बसल्या नाहीत, उभ्याउभ्याच बोलल्या.

"तुमची पोर माझ्या घरात धड जेवत न्हाई. काम करती, हसती, समदं करती. पर सणाला दुसऱ्या बायका माहेरी जात्यात तवा ही खिडकीत उभी राहती. बिलोलीला भाऊ हायत, पर तिचं मन तिथं न्हाई. तुमी तिला सासर बगून दिलं. माहेर कुठं ठिवलं तिचं?"

मामांनी रंधा पुन्हा लाकडावर फिरवला.

"माझ्या घरात ऱ्हावा म्हणत न्हाई मी," गयाबाई म्हणाल्या. "समोरच्या गल्लीत एक खोली हाय, पुढं पडवी हाय. तिथं तुमचं काम करा. भाडं तुमचं, चूल तुमची. पोरीला चार पावलावर माहेर होईल. तिला ताटावरून उठून जायला एक घर पायजे, व्याही."

'व्याही' ऐकल्यावर मामांच्या हातातला रंधा लाकडावर तसाच टेकलेला राहिला. मी बाहेर जाऊन गाडीत बसलो. आतलं पुढचं बोलणं मला ऐकायचं नव्हतं. बऱ्याच वेळानं गयाबाई आल्या, काचेतून बाहेर बघत बसल्या आणि एवढंच म्हणाल्या, "येत्यात."

गेल्या वर्षी मी दुकान सलीमभाईंच्या पुतण्याच्या हवाली केलं. आता लोक मोबाइलवर मशीन मागवतात, घरपोच येते. टाकी किती मोठी ते बघून मागवतात. दोन प्रश्न विचारायला कुणी नाही, ह्याची थोडी हळहळ वाटते. पण गुडघेही आता दुकानाची पायरी चढू देत नाहीत. शेवटची फेरी म्हणून मी जुन्या गिऱ्हाइकांकडं जाऊन आलो आणि त्यात रेणापूरला गेलो.

मामांच्या पडवीत मशीन होती. एक नळी त्यांच्या पाटापाशी, दुसरी आत खोलीत, जिथं रेखा रंगवत होती. मामा आधीपेक्षा वाकले होते, पण अंगावर मूठभर मांस चढलं होतं. गयाबाई पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या.

औशाकडून एक नवं गिऱ्हाईक आलं होतं. नवरा-बायको होते. त्यांना देव्हारा सांगायचा होता. ती बाई गयाबाईंना म्हणाली, "हे आजोबा तुमच्या कामावर असतात का?"

गयाबाईंनी सुपातून मान वर केली नाही. "कामावर कशानं? हे आमचे व्याही हायत. रेखाचे वडील."

आतून येणारा हवेचा सूं-सूं आवाज थांबला. रेखाच्या हातातला खटका सुटला असणार.

मामांनी रंधा बाजूला ठेवला. धोतरावरचा भुसा झटकला, भिंतीला धरून उठले आणि घरधन्याच्या आवाजात आत हाक दिली, "रेखा, पाव्हणे आलेत बाई. च्या टाक."